एका रुपयाचा भार

डॉ. हेमांगी पोफळीने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, पाणी न पिता परत लावलं, आणि आपण सकाळपासून हेच करत आहोत हे लक्षात आल्यावर बाटली टेबलाच्या पार पलीकडे ढकलून दिली. थोड्या वेळाने ती उठली, टेबलाला वळसा घातला आणि बाटली परत घेऊन आली. नागपूरच्या राज्य यंत्रक्रीडा परीक्षणशाळेच्या त्या थंडगार दालनात बाहेरच्या मे महिन्याचा मागमूस नव्हता. तिच्या तळहातांना मात्र घाम सुटला होता.

समोरची भिंत म्हणजे एक अखंड पडदा होता. त्यावर गल्ल्याचा आकडा दिसत होता, अठ्ठावीस कोटी आणि वर काही लाख. लाखांच्या पुढचे अंक डोळ्यांना धरता येऊ नयेत इतक्या वेगाने पळत होते. राज्यभर लोक आपापल्या फोनवर चाचणीतली नवी 'फिरकी' खेळत होते. तीन चाकं गरगरायची, त्यांवरची फळं पळायची, थांबायची, आणि प्रत्येक डावातला एक छोटा हिस्सा या सामायिक गल्ल्यात येऊन पडायचा. जुनी माणसं याला जॅकपॉट म्हणत. सरकारी कागदावर त्याचं नाव होतं वर्धमान गल्ला. हेमांगी नुसतं गल्ला म्हणायची, वाण्याच्या दुकानातल्यासारखं. तिच्या मते फरक एवढाच, की वाणी पैसे घेऊन निदान साखर तरी देतो.

आज दुपारी तिचं यंत्र पास होणार होतं किंवा नापास. पास झालं तर जुन्या सगळ्या फिरक्या कायमच्या बंद. नापास झालं तर जुन्या फिरक्यांवरची न्यायालयाची स्थगिती आपोआप उठणार होती, कारण ती फक्त चाचणीच्या मुदतीपुरतीच होती आणि मुदत आज संपत होती. आणि जुन्या फिरक्या सुरू झाल्या की विशू...

इथपर्यंत आलं की तिचं मन पुढे जायला साफ नकार द्यायचं. विश्वजीत तिचा धाकटा भाऊ. सीताबर्डीला त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसताना तो गंमत म्हणून पाच-पाच रुपये लावायचा. तेव्हाच्या फिरकीत बारीक अक्षरात एक अट असे. गल्ल्यात पैसे सगळ्यांचे पडतील, पण गल्ला फुटेल तो सर्वांत मोठ्या रकमेच्या डावावरच. ही अट कुणीच वाचत नाही. विशूने वाचली, आणि तिथेच घात झाला. "ताई, पाच लावणं म्हणजे दुसऱ्याच्या गल्ल्यात दान टाकणं आहे," तो म्हणाला होता. "लावायचे तर पाचशेच लावायला पाहिजे." त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. तो बरोबर होता म्हणूनच दुकान गेलं, दुकानामागोमाग बायको माहेरी गेली, आणि विशू ताईच्या घरातल्या मागच्या खोलीत राहायला आला.

हेमांगीने त्यानंतरची सहा वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे घालवली. माणसाला मोठी रक्कम लावण्याचा मोहच होणार नाही, अशी फिरकी बनवता येईल का?

"मला एकदा साध्या भाषेत सांगा," खुर्चीत बसता बसता ढोके मॅडम म्हणाल्या. त्या खात्याच्या सचिव, बदली होऊन नुकत्याच आलेल्या. "मंत्रिमहोदय विचारतील तेव्हा त्यांना सूत्रं वाचून दाखवून चालायचं नाही."

घटाटे सरांनी संत्राबर्फीचा पुडा पुढे केला. निवृत्त संख्याशास्त्रज्ञ, हेमांगीचे गुरू आणि आता परीक्षणशाळेचे सल्लागार. समोरच्याच्या हातात खायला काही दिल्याशिवाय ते कुठलीही गोष्ट समजावून सांगायला सुरुवात करत नसत.

"एक लांब रस्ता आहे असं समजा, मॅडम. त्यात कुठेतरी एक खूण पुरलेली आहे. कुठे, ते गल्ला सुरू होतानाच यंत्र ठरवून टाकतं आणि कुणालाच सांगत नाही. अगदी मलासुद्धा. आता प्रत्येक खेळाडू एक पाऊल टाकतो. आधीचा जिथे थांबला तिथून पुढे. ज्याच्या पावलाखाली खूण आली, गल्ला त्याचा."

"आणि पाऊल केवढं?"

"तीच तर मेख आहे. पाऊल जितकं लांब, तितका खूण पायाखाली येण्याचा संभव जास्त. जुन्या यंत्रांत ही लांबी रुपयांवर ठरे. दहापट पैसे, दहापट लांब पाऊल. काही यंत्रं तर लहान पावलं धरायचीच नाहीत. गरिबाने चालून चालून रस्ता संपवत आणायचा आणि शेवटी मोठ्या पावलाच्या माणसाने येऊन खूण तुडवायची."

"मग सगळ्यांची पावलं सारखी करा की."

"करून पाहिलं," हेमांगी म्हणाली. "मग पैसेवाला हजार फोन भाड्याने घेतो आणि एकेक रुपयाची हजार पावलं टाकतो. फिरून तेच. म्हणून आम्ही पाऊल रुपयांपासून तोडलं." तिने आपलं मनगट पुढे केलं. मनगटावर राखाडी रंगाचं, बोटभर रुंदीचं कडं होतं आणि त्यावर छोटीशी तबकडी. "हे मनोभारमापक. प्रत्येक खेळाडूला घालावंच लागतं. बटण दाबण्याच्या क्षणी हे खेळाडूची नाडी, घाम आणि रक्तातली दोन संप्रेरकं वाचतं. त्यावरून त्या डावाचं त्या माणसाला किती ओझं वाटतंय ते काढतं. करोडपतीचे लाख रुपये हलके असतात, शिलाईकाम करणाऱ्या बाईचे दहा रुपये जड. भूकंपाच्या मोजपट्टीसारखा हिशेब आहे, ओझं एक पायरी वर म्हणजे भार दहापट. जितका भार, तितकं पाऊल लांब."

"म्हणजे रक्कम कितीही लावली तरी..."

"रकमेला काही अर्थच राहत नाही. ज्याला जास्त लावून जास्त मिळवायचंय त्याने ते विसरावं."

ढोके मॅडमना ते पटलेलं दिसलं. चाचणीच्या काळात फुटलेले छोटे गल्ले कुणाकुणाला मिळाले ते त्यांनी वर्तमानपत्रांत वाचलं होतं. एक शिवणकाम करणारी विधवा, एक रुग्णवाहिकेचा चालक, मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी धावपळ करणारा एक शिपाई. गल्ल्याला गरजवंताचा पत्ता सापडला, असा मथळाही कुणी दिला होता. पण सचिव म्हणजे सचिव. त्यांनी विचारलंच, "आणि ते वर्ध्याचं प्रकरण?"

हेमांगीचा चेहरा उतरला. वर्ध्याच्या एका गृहस्थाने हे सगळं गणित उलटं वापरलं होतं. सगळी शिल्लक बायकोच्या नावे ठेवीत गुंतवून टाकली, खिशात फक्त बसभाडं ठेवलं, परगावच्या स्टँडवर जाऊन उभा राहिला आणि तेच बसभाडं डावाला लावलं. त्या डावाचा भार भरला तीनशे चाळीस, आजवरचा सर्वांत मोठा.

"लोक भार वाढवायला शिकून राहिले," घटाटे सर म्हणाले. "आधी रक्कम वाढवत होते, आता भीती वाढवतात."

"वर्ध्याचा माणूस शेवटी जिंकला नाही, सर. आणि बसभाडं घालवणं दुकान घालवण्यापेक्षा बरं." हे तिने जरा जास्तच जोरात म्हटलं.

ढोके मॅडमनी बर्फीचा तुकडा संपवला आणि हात पुसत सहज विचारलं, "पण हे कडं मोजतं काय नक्की? हरायची भीती, की जिंकायची आशा?"

"दोन्ही. शरीराला त्यांतला फरक कळत नाही. छाती दोन्हीकडे सारखीच धडधडते. कडं सांगतं किती, कशाने ते सांगत नाही. आणि त्याची गरजही नाही. फिरकी खेळणाऱ्या प्रत्येकाला जिंकायचंच असतं. ज्याला जिंकायचं नाही तो खेळायला येईलच कशाला?"

उत्तर बिनतोड होतं. घटाटे सरांचा हात मात्र पुड्यावर तसाच थांबला. त्यांना कुठेतरी काहीतरी खटकलं होतं, पण काय ते त्यांच्या हाती लागेना. संख्याशास्त्रात चाळीस वर्षं मुरलेला माणूस, पण अशा वेळी कपाळ चोळण्यापलीकडे त्यांनाही काही सुचत नसे.

हेमांगीला वेगळीच आठवण छळत होती. चाचणी सुरू झाली तेव्हा स्वयंसेवक म्हणून विशू आला होता. न बोलावता आला होता, कपाटातून तिच्या पगारातले दहा हजार काढून. सगळे एका डावावर लावले. कड्यावर आकडा आला शून्य पूर्णांक दोन. विशूने कडं झटकलं, पुन्हा पाहिलं. तो आधी हसला. मग त्याचा आवाज बारीक झाला. "ताई, दहा हजार रुपये लावले नं मी. तुझे लावले. आणि मला काहीच झालं नाही?" त्या दिवसापासून त्याने नव्या फिरकीला हात लावला नाही. यंत्र आपल्याला ओळखतच नाही, त्याच्यापुढे बसून करायचं काय, असं तो म्हणायचा. जुन्या फिरक्या बंदच होत्या. दिवाळीपासून तो एका चष्मेवाल्याकडे नोकरीला जात होता, भिंगं घासून द्यायला. सकाळी डबा घेऊन निघायचा. त्या डब्याकडे बघताना हेमांगीला रडू यायचं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मात्र तो स्वतःहून म्हणाला होता, "जुनी बंद आहेत तोवर मी ठीक आहे, ताई. सुरू झाली तर माझी मलाच हमी नाही."

आता फक्त एकच गोष्ट उरली होती, परीक्षकाचा डाव. यंत्र शाळेतच घडलेलं, म्हणून परीक्षकाची सहीही हेमांगीचीच होती.

परीक्षणशाळेचा हा पहिल्या संचालकांपासूनचा रिवाज. ज्याने यंत्रावर सही करायची, त्याने सर्वांदेखत, स्वतःच्या खात्यातून, त्या यंत्रावर एक डाव खेळून दाखवायचा. आपण जे लोकांच्या हातात देतो त्याला आधी आपला हात लागला पाहिजे, एवढाच त्यातला भाव. रक्कम ठरलेली, एक रुपया, सर्वांत लहान. आणि त्याला जोडून एक नियम. परीक्षक जिंकला, तर यंत्रात लबाडी आहे असं धरून ते रद्द करायचं आणि परीक्षकाला चौकशीसाठी पोलिसांच्या हवाली करायचं. नियम कडक होता, पण त्याची झळ कधी कुणाला लागली नव्हती. जुन्या यंत्रांत एक रुपयाच्या डावावर गल्ला फुटणं जवळजवळ अशक्यच होतं. परीक्षक यायचा, रुपया हरायचा, टाळ्या व्हायच्या आणि चहा यायचा.

"आजचा डाव पुढे ढकलता येणार नाही का?" घटाटे सरांनी हळूच विचारलं. "गल्ला टोकाला आलाय. शंभर कोटी भारांचा रस्ता, तुझ्या डावासाठी खेळ थांबवला तेव्हा त्यातले जेमतेम चार हजार उरले होते. खूण या चार हजारांतच कुठेतरी आहे. हा गल्ला फुटू दे, नवा सुरू होऊ दे, मग खेळ."

"मुदत आज संपते, सर. आणि मी काही वर्ध्याहून आलेली नाही. साध्या माणसाच्या साध्या डावाचा भार भरतो दोन-तीन. माझा एक रुपया आहे. रुपया गेला तर मी काय रडत बसणार आहे? पाऊल दोनाचं धरा. हजारात एक संभवसुद्धा नाही."

आकडेमोड चोख होती. तरी बोलता बोलता तिने बाटलीचं झाकण पुन्हा उघडलंच.

कॅमेरे सुरू झाले. बाकीच्या खेळाडूंचा खेळ मघाशीच थांबवण्यात आला होता आणि पडद्यावरचे धावणारे अंक जागच्या जागी उभे होते. एवढी शांतता त्या दालनाने कित्येक आठवड्यांत अनुभवली नव्हती. काचेच्या कक्षात हेमांगी एकटी बसली. बाहेर ढोके मॅडम, घटाटे सर, दोन पत्रकार. थेट प्रक्षेपण घरोघरी दिसत होतं. विशू दुकानातून दुपारपुरती सुट्टी काढून घरी बसून बघणार होता, तसं त्याने सकाळीच सांगितलं होतं.

तिने एक रुपया लावला आणि बोट बटणावर टेकवलं. कड्याच्या तबकडीत आकडा उमटला. चाचणीचा डाव म्हणून तोच आकडा बाहेरच्या पडद्यावरही दिसत होता.

अकरा.

जरा जास्तच आहे, तिच्या मनात आलं. कॅमेऱ्यांमुळे असेल. जिंकले नाही म्हणजे झालं.

जिंकले नाही म्हणजे झालं. हे वाक्य तिने मनातल्या मनात पुन्हा ऐकलं. ज्याला जिंकायचं नाही तो खेळायला येईलच कशाला, असं आपण थोड्या वेळापूर्वी छातीठोकपणे विचारलं होतं. हे बघा, आला की! या इमारतीत प्रत्येक यंत्रामागे एक माणूस येतो, ज्याला कुठल्याही परिस्थितीत जिंकायचं नसतं. सहा वर्षं यंत्र तपासलं, हजारो माणसांवर तपासलं, आणि तपासणाऱ्याला तेवढं मोजायचं विसरलो.

आकडा नव्वदवर गेला.

जिंकले तर यंत्र रद्द. सहा वर्षं मातीत. आपल्यावर फसवणुकीचा खटला. आणि आज संध्याकाळी जुन्या फिरक्या सुरू. रुपयाला तर काहीच वजन नव्हतं, पण रुपयाबरोबर आपण काय काय लावून बसलो आहोत ते ती पाहत होती, आणि तिच्याबरोबर कडंही पाहत होतं.

चारशे. वर्ध्याचा माणूस मागे पडला. काचेबाहेर घटाटे सर ताडकन उभे राहिले. पुडा खाली पडला. त्यांनाही आत्ताच कळलं होतं. ते काचेवर हात आपटत काहीतरी सांगत होते, पण कक्षात आवाज येत नव्हता. ओठांवरून कळत होतं एवढंच, की हात काढ.

हात काढला तर? परीक्षकाने स्वतःच्या यंत्रावर खेळायचं नाकारलं, म्हणजे यंत्र नापास. जुन्या फिरक्या सुरू. दोन्हीकडून शेवट एकच. वाट उरली होती ती फक्त शांत होण्याची. भार एकदा खाली आला, की त्या क्षणी बटण दाबायचं, रुपया हरायचा आणि चहा प्यायचा.

शांत हो, असं तिने स्वतःला बजावलं. आकडा दीड हजारावर गेला. शांत व्हायलाच हवं, असं म्हटल्यावर तो तीन हजारांच्या पुढे गेला. भीतीला भिणं म्हणजे काय ते सांगणारा आकडा आजवर कुणाच्या डोळ्यांसमोर असा लटकला नसेल. चार हजार ओलांडले, की रस्ताच संपतो. मग खूण कुठेही असली तरी ती आपल्याच पावलाखाली.

तिने डोळे मिटले. आठवेल ते आठवायचं ठरवलं, यंत्र सोडून काहीही. आठवलं ते काटोल रोडचं जुनं घर आणि हिवाळ्यातली गच्ची. संत्र्याची पाटी. विशू सहा-सात वर्षांचा. संत्र्याची साल अखंड काढायची आणि तुटू न देता ती ताईच्या मनगटावर गुंडाळायची, हा त्याचा उद्योग. जिभेचं टोक बाहेर काढून, इतकं मन लावून करायचा, की खालून हाका मारून आई दमून जायची. तिच्या बोटांना तो वास आला. खांदे सैल झाले. तिने डोळे किलकिले करून पाहिलं. आकडा उतरत होता. हजार. सहाशे. दोनशे. साठ.

सालीचं कडं बांधून झालं की तो विचारायचा, "ताई, आता तू हे काढणार नाहीस नं?"

वीस.

तिने बटण दाबलं.

आणि दाबता दाबता, बोट खाली जातानाच्या त्या एवढ्याशा अवकाशात, तिला कळलं, की आपण एक रुपया लावलेला नाही. आपण त्या पोराला लावलं आहे. कडं हिशेबात धरतं ते बटण दाबतानाच्या क्षणाचं, आधीचं नाही. हा नियमही तिचाच.

तबकडीवर आकडा थांबला. सात हजार एकशे काहीतरी. पुढचं तिने वाचलं नाही, वाचायची गरज नव्हती. चाकं अजून गरगरत होती, पण राज्यात तेवढ्या क्षणी फक्त तिला आणि घटाटे सरांना ती कुठे थांबणार हे ठाऊक होतं. पहिलं संत्रं आलं. दुसरं आलं. तिसरं जरासं पुढे सरकतंय असं वाटलं आणि तेही मधोमध येऊन उभं राहिलं. मग तो गल्ला फुटल्याचा गजर सुरू झाला, घंटा आणि तुताऱ्यांचा. तिनेच एकदा तो फार कर्कश आहे म्हणून शेरा मारला होता.

अठ्ठावीस कोटी रुपये तिच्या खात्यात जमा झाले. मध्ये कुणा माणसाचा हात लागू नये म्हणून तीही व्यवस्था आपोआप होणारीच ठेवलेली होती.

काचेचं दार उघडल्यावर सगळ्यांत आधी घटाटे सर आत आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "यंत्र बरोबर आहे," ते मागे वळून ढोके मॅडमना म्हणाले. "अगदी तंतोतंत बरोबर आहे. जिचं सर्वांत जास्त पणाला लागलं होतं तिलाच मिळालं. आणखी काय सिद्ध करायचं राहिलं?"

"मला कळतंय, सर," ढोके मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना खरंच कळलं होतं. "पण नियमात तसं लिहिलेलं नाही. आणि उद्या प्रत्येक जण जिंकायला घाबरण्याची कला शिकून येईल, त्याचं काय करायचं?" त्यांनी हेमांगीकडे बघायचं टाळलं. "डॉक्टर, तुम्ही इमारत सोडू नका. पोलिसांना कळवावं लागेल मला."

पत्रकार धावत बाहेर गेले. हेमांगीला शेजारच्या बैठकीच्या खोलीत बसवण्यात आलं. दाराशी रखवालदार. तिने आयुष्यभर कमावलेलं नाव बाहेर दूरचित्रवाणीवर मोडीत निघत होतं. तिला त्याचं वाईट वाटत होतं, नाही असं नाही, पण ते वाईट वाटणं दुसऱ्या रांगेत बसून होतं. ती खिडकीजवळ गेली, परत आली, पुन्हा गेली. विशूचा फोन लागत नव्हता. बाहेर ऊन उतरू लागलं होतं.

विशू स्वतःच आला. रखवालदाराशी काहीतरी बोलून आत आला आणि तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला. अंगात दुकानातलाच शर्ट, नखांमध्ये भिंगं घासण्याची पांढरी पूड. त्याच्या हातातला फोन एकसारखा किणकिणत होता. ती धून तिने कितीतरी वर्षं मागच्या खोलीतून ऐकली होती. जुनी फिरकी उठली होती.

"स्थगिती उठली," तो म्हणाला. "'परत स्वागत आहे' म्हणून राहिली मला. माझं जुनं खातं जसंच्या तसं ठेवलंय. वरून शंभर डाव फुकट."

"विशू, माझं चुकलं रे."

"तो आकडा पाहिला मी. सात हजार." तो तिच्याकडे रोखून बघत होता. "मी दहा हजार लावले होते, ताई. शून्य पूर्णांक दोन. तू एक रुपया लावला आणि सात हजार. अठ्ठावीस कोटींचं तर तुला काही नव्हतं, ते मला माहीत आहे. खटल्याला घाबरणारी पण तू नाहीस. मग एवढं काय लावलं होतं तू?"

ती रडत होती आणि रडणं लपवायचं तिने सोडून दिलं होतं. विशूने उत्तरासाठी फार वेळ वाट पाहिली नाही. त्याला ते बहुधा येतानाच कळलं होतं.

"ते कडं दे," तो म्हणाला.

"कशाला?"

"दे तर."

तिने मनगटावरचं कडं काढून दिलं. ते त्याने स्वतःच्या मनगटात चढवलं, फोन टेबलावर ठेवला आणि फिरकी उघडली. पाचशेचा डाव. अंगठा बटणाच्या वर आणला, टेकवला नाही. हेमांगी उठून त्याचा हात धरणार होती, पण काहीतरी वाटून बसून राहिली. खोलीत ती धून तेवढी वाजत होती.

तबकडीवर आकडा हलला. दोन. मग सोळा. मग दीडशे. विशूच्या कपाळावर घाम आला. पाचशे. आकडा चढतच राहिला. कित्येक वर्षांत त्याच्या शरीराने कुठल्याही डावाला दिलेलं हे पहिलं उत्तर होतं.

"भीती वाटते तुला?" तिने कुजबुजत विचारलं.

"माहीत नाही." त्याने आकड्यावरून नजर काढली नाही. "तुझं असं करून बसलो म्हणून भीती वाटून राहिली, की इतक्या दिवसांनी ही समोर आली म्हणून जीव लागून राहिला... ताई, तुझं कडं सांगत नाही नं ते?"

"नाही. ते सांगत नाही."

त्याने मान हलवली. मग अंगठा मागे घेतला, टेबलावरचा फोन उचलला आणि तो तिच्या हातात दिला.

"मग हा तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला. "मला कळेपर्यंत. मी मागितला तरी देऊ नको."

फोन तिच्या ओंजळीत किणकिणत होता. तिने तो बंद करून पदराखाली घेतला. बाहेर जिन्यावर बुटांचे आवाज येऊ लागले. विशू उठून दाराशी जाऊन उभा राहिला, पोलिसांना आत येताना आपल्याला आधी भेटावं लागेल असा. त्याच्या मनगटावरचं कडं काढायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं, आणि त्यावरचा आकडा अजून उतरलेला नव्हता.